मागचा भाग

सरांचं आणि त्यांच्या मोबाइलचं रोज सकाळी भांडण व्हायचं. पाऊस असो नसो, छत्री उघडून ते तलावाच्या पाळीवरून चालायचे आणि दुसऱ्या हातातला फोन तोंडाशी धरून त्याला कादंबरी सांगायचे. हात थरथरायला लागल्यापासून लिहिणं सुटलं होतं. ते बोलायचे, फोन टाइप करायचा. पण फोनला यायची पुण्याकडची मराठी आणि सर बोलायचे झाडीपट्टीची, पूर्व विदर्भातली. "महाराज येऊन राहिले" असं सर म्हणाले की पडद्यावर उमटायचं, "महाराज येऊन राहुल".

"अबे, राहुल नाई! राहिले! रा-हि-ले!" सर पाळीवर उभे राहून ओरडायचे. खाली म्हशी धुणारी माणसं हसायची.

त्या मजकुराचं शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी विचारलं, "सर, हा राहुल कोण? प्रत्येक प्रसंगात आहे, पण करत काहीच नाही."

सर गंभीरपणे म्हणाले, "राहू द्या त्याले मॅडम. असे लोक असतेच."

मी साताऱ्याकडची. नवेगाव बांधपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात, तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला गेले आणि सरांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. गावाचं नाव सांगत नाही. सर तिथेच पदार्थविज्ञान शिकवायचे, निवृत्तीला आले होते. लग्न केलं नव्हतं. मागच्या अंगणापलीकडे धाकट्या भावाचं घर होतं, तिथून जेवण यायचं. भाऊ शेती करायचा. सरांची सगळी जमीनही तोच कसायचा.

सरांच्या तऱ्हा पुष्कळ होत्या. गोंदिया किती लांब आहे असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "उजेडाले काई वेळच लागत नाही. एसटीचं सांगता येत नाही." वर्गात शिरले की फळ्याकडे न जाता थेट शेवटच्या बाकाशी जायचे आणि तिथे उभं राहून शिकवायला सुरुवात करायचे. पुढची मुलं माना वळवून कंटाळायची. आणि गावातून चालताना ते रस्त्याच्या अगदी मधोमध चालायचे. मागून ट्रॅक्टरचा भोंगा वाजला तरी बाजूला व्हायचे नाहीत. मला तो विक्षिप्तपणा वाटायचा. त्याला कारण होतं, हे नंतर कळलं.

गावात दोन घराणी होती. तलावातून निघालेला पाट आधी ज्यांच्या शेतातून जायचा ते वरचे पाटील, त्यानंतर ज्यांच्या शेतातून जायचा ते खालचे पाटील. रस्त्याच्या एका अंगाला एकांची घरं, दुसऱ्या अंगाला दुसऱ्यांची. गणपती दोन, धानाच्या गिरण्या दोन. वरच्यांनी ट्रॅक्टर घेतला की खालच्यांनी त्याहून मोठा घ्यायचा. एकांच्या बाजूने चाललात की दुसऱ्यांच्या ओसरीवरून आवाज यायचा, "काय जी, आजकाल तिकडलेच झाले का?" म्हणून सर मधून चालायचे.

पाटाच्या अगदी शेवटी, जिथे पाणी पोचलं तर पोचलं, तिथे बौद्धांच्या टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरची, शेतं होती. सरांच्या भावाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, त्यातच. पाणी कसं पुरतं, असं मी एकदा त्याला विचारलं. तो हसला. "वरच्यानं तुडुम बंद केलं का खालचा जिद्दीनं उघडते. खालच्यानं फोडलं का वरचा त्याच्या नाकावर टिच्चून अजून सोडते. त्यांच्या भांडनात आपली बांधी भिजून जाते, मॅडम." तुडुम म्हणजे तलावातून पाटात पाणी सोडायचं दार. पाळीच्या पोटात दगडी बांधकाम, वर लोखंडी चाक.

सरांची पहिली कादंबरी मी जाण्याआधीच छापून आली होती. 'दोन ध्वज, एक सूर्य'. सांज नावाच्या ग्रहावर कायम संध्याकाळ असते. सूर्य एकाच डोंगराच्या माथ्यावर दिसतो. तिथे एक प्रचंड आरसा आहे, तो फिरवून खालच्या दरीत उजेड सोडायचा. त्या उजेडासाठी दोन राजघराणी सात पिढ्या लढतात. नौका उडतात, किल्ले वितळतात, शेवटी एक तह होतो. नावं सगळी जड, संस्कृत. गावानं ती कादंबरी डोक्यावर घेतली होती, कारण शूर घराणं आपलंच, अशी दोन्ही पाटलांची खात्री होती. दोघांनीही गठ्ठ्यानं प्रती घेऊन लग्नात आहेर म्हणून वाटल्या.

टोल्यावर मात्र कुरकुर होती. एका रविवारी मी सरांबरोबर विहारात गेले होते. वंदना झाल्यावर एक तरुण उठून म्हणाला, "सर, राग नोका मानू. पन तुमी राजा-महाराजाचं कायले लिहून राहिले? आपल्या लोकायवर काऊन नाई लिहीत?"

सर म्हणाले, "आपले लोक येऊन राहिले गा. ते मागच्या भागात हायेत."

"मागच्या? पुढच्या म्हना ना."

"पुढचं सारेच लिहितेत," सर म्हणाले. "मी आधीचं लिहून राहिलो. भांडन सुरू कसं झालं ते."

तीच ही पाळीवरची कादंबरी. 'ध्वजांच्या आधी'. पहिल्या पुस्तकात वैराच्या मुळाविषयी एकच वाक्य होतं: उजेडावरून झालं. आता सर त्याच्या मागे गेले होते. या पुस्तकात दोन्ही घराणी अजून वैरी झालेली नाहीत. उलट गाढ मैत्री आहे, एका ताटात जेवतात. आणि डोंगरमाथ्यावर आरसा फिरवणारा एक माणूस आहे. त्याचे भाऊबंद दरीच्या अगदी टोकाला, जवळजवळ काळोखात राहतात. रोज तो आरसा नेमून दिल्यापेक्षा किंचित जास्त वळवतो. टोकाला थोडा उजेड पडतो, तिथे काहीतरी उगवायला लागतं. दोन्ही राजांच्या ते लक्षात येतं.

तपासताना सगळी कादंबरी मी प्रमाण मराठीत आणायची, असं सरांनी सांगितलं होतं. एकटा आरसेवाला झाडीबोली बोलायचा. मी म्हटलं, "सर, दुसऱ्या ग्रहावर झाडीबोली? वाचणारे हसतील."

"हसू द्या. मंग चूप होतील."

तो मरतो ते प्रकरण फोननं जवळजवळ बिनचूक टाइप केलं होतं. त्या दिवशी सर सावकाश, शब्द तोडून तोडून बोलले असावेत. दोन्ही राजे एकत्र, एकाच रथातून डोंगरावर येतात. गोड बोलतात. आणि दोघं मिळून त्याला आरशाच्या झोतात ढकलतात. पाय घसरला, असं जाहीर होतं. दुसऱ्या दिवसापासून दोघांना एकमेकांची भीती वाटायला लागते. हा बोलला तर? त्या भीतीतून भिंती उभ्या राहतात, ध्वज उभे राहतात. मी एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. "ज्यांनी मिळून माणूस मारला, त्यांना पुन्हा एकमेकांकडे पाठ करून झोपता येत नाही."

कागद परत द्यायला गेले तेव्हा सर अंगणात बसले होते. मी म्हटलं, "सर, हे कुठून सुचलं?"

त्यांनी कागद मांडीवर नीट जुळवून ठेवले. मग म्हणाले, "माहा बाप पानकर होता, मॅडम. तलावाचं पानी वाटाचं काम त्याच्याकडे. त्या साली पाऊस कमी. तो टोकाच्या बांध्याईले जरासं जास्त पानी सोडे. एक दिवस तुडुमाच्या तोंडाशी सापडला. पाय घसरला म्हनून सांगतलं सारेयनं. मयतीले वरचे पाटील अना खालचे पाटील एकाच बैलबंडीत बसून आले. मी लहान होतो, पन तेवढं आठवते. त्याच्यानंतर ते दोघं एका बंडीत कधी बसले नाही."

"म्हणजे त्यांनीच..."

"मायनं सांगतलं, सांजेले दोघंही बापाले बलावाले आल्ते. माय खोटी बोलत नव्हती. पन मायनं पाह्यलं बी नव्हतं." त्यांनी कागद उचलून बाजूला ठेवले. "मी फिजिक्सचा मास्तर. पुराव्याबिगर कसं लिहू? म्हनून ग्रहावर नेलं."

पुस्तक छापून आलं. दोन्ही घरी प्रती पोचल्या. त्या दिवसांत सरांना मी जसं पाहिलं तसं नंतर कधी पाहिलं नाही. भावाला त्यांनी सांगितलं, बायको-पोरांना घेऊन सासरी जाऊन ये. मला म्हणाले, "मॅडम, तुमी बी गावी जाऊन या ना थोडे दिवस." मी गेले नाही. सर रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अंगणात खुर्ची टाकून बसायचे. पाळीवर जाणं बंद. "आज येतील," असं दोनतीनदा म्हणाले. आवाजात भीती होती. पण त्या भीतीच्या आत कसली तरी घाईही होती. माणसानं आयुष्यभर एखाद्याची वाट बघावी आणि पावलं वाजावीत, तशी.

आले. दोन्ही पाटील आले. आताचे पाटील त्या जुन्यांचे मुलगे, दोघंही साठीच्या पुढचे. वेगवेगळ्या गाड्यांतून आले पण एकाच वेळी अंगणात शिरले. सर उभे राहिले. मी खिडकीत होते.

वरच्या पाटलांनी सरांचे पाय धरले.

"सर, तुमी तं डोळे उघडले आमचे," ते म्हणाले. "आमी समजत होतो पिढ्यान् पिढ्या दुश्मनी हाय. तुमी लिहिलं, आधी दोन्ही घरं एकच होते, एका ताटात जेवत होते. मंग आमी कायले लढून राहिलो?"

खालचे पाटील म्हणाले, "सत्कार ठेवला आहे सर. दोन्ही घरांचा मिळून. पहिल्यांदाच. नाही म्हणायचं नाही."

सरांचं तोंड उघडंच राहिलं. ते एवढंच बोलले, "पूर्ण वाचलं का?"

"पूरा पढ लिया, सर," वरचे पाटील म्हणाले. "दोनदा."

सत्कार शाळेच्या पटांगणात झाला. गाव लोटलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांची माणसं एकाच मांडवात बसलेली मी तेव्हाच पाहिली. शाल, श्रीफळ, हार. मग एका शिक्षकानं पुस्तकातला उतारा वाचून दाखवला, आरसेवाल्याचं शेवटचं बोलणं. राजे त्याला विचारतात, आरसा का वळवला? आणि तो म्हणतो, "महाराज, तुमच्या घरी उजेडच जरुरीपेक्षा जास्त होऊन राहिला. आमच्या इकडे पोरगं मायचं तोंड हातानं चाचपून ओळखते जी." त्या शिक्षकानं ते गावरान ठसक्यात, हातवारे करत वाचलं. मांडव हसला. दुसऱ्या ग्रहावरचा माणूस आपल्यासारखा बोलतोय याचं लोकांना फार हसू आलं. टोल्यावरची माणसंही हसली. सर म्हणाले होते, मग चूप होतील. कुणी चूप झालं नाही. शेवटी दोन्ही पाटलांनी मंचावर एकमेकांना मिठी मारली, आणि टाळ्या थांबेनात. दोघांच्या मध्ये सर हार घालून उभे होते. हाराच्या वजनानं मान खाली गेली होती की आणखी कशानं, मला सांगता येणार नाही.

खाली उतरताना खालचे पाटील त्यांच्या कानाशी वाकले. मी शेजारीच होते म्हणून ऐकू आलं. "त्या आरसेवाल्याचं फार मनाला लागलं सर. पण कादंबरीत असं एखादं लागतंच."

ते जाणून बोलले की भाबडेपणानं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. सरांनी ठरवलं असावं.

मग गाव एक झालं. खरोखर झालं. गणपती एक बसला. दोन्ही घरांनी मिळून पाण्याची समिती केली आणि तुडुमाच्या चाकाला नवीन कुलूप लावलं. दोन्ही घरांना उन्हाळी धान घ्यायचं होतं, म्हणून पावसाळ्यानंतर तलाव भरलेला ठेवायचं ठरलं. त्यावर कुणाची तक्रार नव्हती. तक्रार करणाराच आता उरला नव्हता.

त्या वर्षी परतीचा पाऊस आला नाही. धान निसवायला आलं होतं, लोंब्या फुटत होत्या, एक पाणी हवं होतं. वरच्या बांध्यांना ते मिळालं, त्यांना लागून असलेल्या खालच्यांनाही मिळालं. टोकाला काही आलं नाही. सरांचा भाऊ वरच्या पाटलांकडे गेला. पूर्वी असं गेलं की ते खालच्यांना शिव्या देत पाणी सोडायचे. आता त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "समितीले विचारा लागंल." तो खालच्यांकडे गेला. त्यांनीही चहा पाजला.

टोल्यावरच्या शेतांत लोंब्या पांढऱ्या पडल्या. दाणा भरलाच नाही, चिमटीत धरला की नुसतं फोलपट. सरांच्या भावानं एका दुपारी उभ्या धानात बैल सोडले. मग तसाच सरांच्या अंगणात आला. हातात उपटलेल्या लोंब्या होत्या. त्याने त्या सरांच्या मांडीवर ठेवल्या.

"दादा," तो म्हणाला, "त्यांच्या भांडनात आपन जगून राहिलो होतो. तू भांडन मिटवलास."

"मी मिटवाले नाई लिहिलो."

"मंग कायले लिहिलास?"

सर मांडीवरची एक लोंबी चिमटीत धरून चोळत राहिले. भाऊ रागावलेला नव्हता. तेच पाहवत नव्हतं. तो वळला आणि गेला.

सर उठले. छत्री न घेता. मला वाटलं भावामागे चाललेत. पण ते पाळीकडे वळले. मी चप्पल अडकवून मागे धावले. भर दुपार होती. सर तुडुमाशी पोचले, पाळीवरचा दगड उचलला आणि चाकाच्या कुलपावर मारायला लागले. थरथरणाऱ्या हातातून दगड दोनदा निसटला. ते पुन्हा उचलून मारत होते. कुलपाला ओरखडासुद्धा येत नव्हता.

आवाज ऐकून दोन तरुण आले. एक वरच्या घरचा, एक खालच्या. दोघंही सरांचे विद्यार्थी. मी ओरडले, "त्यांना हात लावू नका!" पण त्यांनी हात लावला तो इतक्या हळुवारपणे की मला लाज वाटली. एकाने दगड काढून घेतला. दुसरा म्हणाला, "सर, हाताले लागंल ना. काऊन त्रास करून घेऊन राहिले? चला, घरी सोडून देतो."

"मी तोडून राहिलो," सर ओरडले. "दिसत नाई का बे? चोरी करून राहिलो पान्याची! मारा मले!"

"काय सर तुमी बी," तो हसून म्हणाला. "तुमी तं आमचे लेखक."

दोघांच्या मध्ये बसवून त्यांनी सरांना मोटारसायकलवरून घरी आणलं. संध्याकाळी वरच्या पाटलांकडून फळांची टोपली आली, सोबत निरोप: उन्हात फिरू नका, तब्येत जपा.

ती टोपली समोर ठेवून सर अंगणात बसले होते. मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. म्हणाले, "माह्या बापाले ते मानूस समजत होते, मॅडम. त्याचं भ्या वाटे त्यायले. म्हनून मारलं. मले तं हार घालून राहिले."

मी फळांची टोपली उचलून आत नेली.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. सर निवृत्त झाले. फोनवर बोलणं व्हायचं, मग तेही कमी झालं.

या उन्हाळ्यात गोंदियाला काम होतं तेव्हा मुद्दाम वाकडी वाट करून गेले. सर घरात टीव्हीसमोर बसलेले होते. आवाज बंद होता. त्यांनी मला ओळखलं, बसा म्हणाले. भाऊ रायपूरला एका इमारतीवर पहारेकरी म्हणून गेला आहे, बायको-पोरंही तिकडेच. बांध्या पाटलांना कसायला दिल्या होत्या, पण टोकाला पाणीच येत नाही म्हणून त्यांनीही सोडल्या.

"काही लिहिताय का सर?"

"नाई."

"वाचता?"

"नाई." मग शिष्टाचार म्हणून विचारलं, "तुमी बऱ्या हाव ना?"

मी हो म्हटलं. निघताना पाया पडले. त्यांनी पाय मागे ओढून घेतले.

परतताना एसटीत शेजारी गावचाच एक मुलगा बसला होता, कॉलेजात जाणारा. मी सरांकडे आले होते हे त्याला कळलं तसा त्याचा चेहरा उजळला. "सर लय मोठा माणूस," तो म्हणाला. "पहले आमच्या गावात किती झगडे होत म्हणे. सरायच्या पुस्तकानं सारं मिटलं. आता एकदम शांत आहे."

गाडी तेव्हा टोल्यापाशी आली होती. मी खिडकीतून पाहिलं. भेगाळलेल्या बांध्या, त्यांत वाळलेलं गवत, आणि दूरपर्यंत एकही माणूस नाही. मुलगा खरं तेच सांगत होता.